आधी गाळ, मग ब्लीचिंग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांची इशारा पातळी गाठते, तेव्हा मदतीच्या याद्या फिरू लागतात: बिस्किटे, चादरी, बाटल्या. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेले, २०२१ ला पुन्हा ५० ओलांडले. दोन्ही वेळा खाऊ मुबलक आला. कमी पडली ती फावडी, घमेली आणि गमबूट.

पाणी ओसरताना घरात घोटाभर उरलेले असते, गाळ तेव्हाच काढायचा. ढवळून खराट्याने लोटला की पाण्याबरोबर निघतो. दोन दिवस ऊन लागले तर तो असा बसतो की टिकाव घ्यावा लागतो आणि फरशी फुटते. गाळ काढण्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि भिजलेले सामान यांचे फोटो काढून घ्यावेत. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत सगळे धुऊन गेलेले असते. मेन स्विच बंद आहे ना, ते वायरमनने पाहावे. बुडालेला बोर्ड वरून कोरडा दिसला तरी मेगरने (वायरिंगमधली गळती मोजणाऱ्या यंत्राने) तपासल्याशिवाय चालू करू नये.

आठ जणांची तुकडी पुरते. दोघे फावड्यावर, चौघे घमेल्यांच्या साखळीत, एक पाइपवर, आणि एकाने फक्त घरातल्या माणसाजवळ थांबायचे. हा आठवा रिकामा वाटतो, पण उत्साही पोरे चिखलाने माखलेली सातबारा-दाखल्यांची पिशवीही कचऱ्यात टाकतात. कपाट हलवण्याआधी काठीने खालून ठोकावे, साप निघतात. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरू नये. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

गाळ गटारात लोटायचा नाही. चेंबर तुंबते आणि पुढच्या पावसात तोच गाळ उंबऱ्यात परत येतो. रस्त्याच्या एका कडेला ढीग करावा, म्हणजे ट्रॉली लागते.

तळघरातली दुकाने घाईने उपसू नयेत. बाहेरची माती पाण्याने जड असते. आतला आधार गेला की भिंत आत येते. दिवसाला दोन-तीन फूट बास. डिझेल पंप वर, उघड्यावरच ठेवावा. तळघरातला त्याचा धूर माणूस मारतो.

आणि ब्लीचिंग पावडर. गाळावर पांढरे पट्टे ओढले की फोटो चांगला येतो, पण क्लोरीन गाळातच खर्ची पडते. जागा धुतल्यावर ती मारावी, संडासच्या ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नये, विषारी वायू होतो. बुडालेली टाकी घासून, हजार लिटरला साधारण १५० ग्रॅम ताजी पावडर घालून १२ तास ठेवावी, ते पाणी सोडून द्यावे, पुन्हा धुवावी. नंतर रोज हजार लिटरला अडीच ग्रॅम, अर्धा तास थांबून वापर. उघड्या पोत्यातली जुनी पावडर असेल तर ही मापे फसतात.

महापालिकेने मे अखेरीस गावभाग, दत्तनगर, शामरावनगर या भागांसाठी ही अवजारे पूररेषेच्या वरच्या एखाद्या शाळेत ठेवावीत, आणि किल्ली कोणाकडे आहे ते दारावर लिहावे.

— काही पूरस्वच्छता स्वयंसेवक, सांगली