‘पूर्ण’ म्हणून विकलेल्या अर्धवट कथेबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
कथावाचन ॲप विभाग

विषय : ‘पूर्ण’ असा शिक्का मारून अर्धवट फॅनफिक्शन विकल्याबद्दल, आणि नाण्यांच्या परताव्याबाबत

महोदय/महोदया,

मी तुमच्या ॲपची पैसे भरणारी वाचक आहे. मालिका संपली तरी तिच्यातली माणसं डोक्यातून जात नाहीत. त्यांचं पुढे काय झालं हे कुणीतरी हौसेनं लिहितं, त्यालाच फॅनफिक्शन म्हणतात, आणि मी ते आवडीनं वाचते. त्यासाठी दरमहा वर्गणी भरते, शिवाय भाग उघडायला नाणी विकत घेते ती वेगळीच.

मी अर्धवट कथेला हातच लावत नाही. म्हणून ‘पूर्ण’ हा पर्याय निवडूनच शोधते. तशीच ही ३५ भागांची कथा मिळाली. ३१व्या भागापर्यंत खरंच चांगली होती. मालिकेतली अबोल थोरली जाऊ इथेही अबोलच होती. नाहीतर बहुतेक ठिकाणी ती दुसऱ्याच भागात चुरूचुरू बोलायला लागते आणि लेखिकेची मतं ऐकवते. ३१व्या भागाच्या शेवटी रात्री दार वाजलं. ३२वा भाग नाणी मोजून उघडला. आत एवढंच : “सॉरी मैत्रिणींनो, परीक्षा आहे. कथा सोडलेली नाही, लवकरच भेटू.” नाणी गेली. ३३व्या भागात नायिकेनं कुणाशी लग्न करावं यावर मतदान. ३४वा म्हणजे ३१वाच पुन्हा चिकटवलेला. ३५व्यात वाचकांचे आभार. दाराबाहेर कोण होतं ते आजतागायत कळलेलं नाही आणि शिक्का मात्र ‘पूर्ण’.

तुमच्या ग्राहक सेवेनं कळवलं की लेखकाच्या सर्जनशील स्वातंत्र्यात कंपनी ढवळाढवळ करत नाही. माझी तक्रार त्या मुलीबद्दल नाहीच. तिनं परीक्षा द्यावी, चांगले गुण मिळवावेत. पण ‘परीक्षा आहे’ या निरोपाचे पैसे तिनं नव्हे, तुम्ही कापले. आणि स्वातंत्र्याचं म्हणाल तर आमच्या सिंधुदुर्गात दशावताराला लिहिलेली संहिताच नसते. आख्यान ठरतं, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. इतकं मोकळं सोडूनही पहाटे दहीकाला होतो आणि खेळ संपतो. मध्यरात्री राजा प्रेक्षकांना ‘लवकरच भेटू’ म्हणून घरी गेलेला मी तरी पाहिलेला नाही.

‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे फॅनफिक्शनचं संकेतस्थळ २००९पासून वाचकांसाठी खुलं आहे. ना नफा तत्त्वावर चालतं, जाहिरात नाही, वाचायला पैसे नाहीत. तिथे एकूण भाग किती हे लेखकानं ठरवलं नसेल तर आकड्याच्या जागी सरळ प्रश्नचिन्ह दिसतं. म्हणजे वाचक जाणूनबुजून आत शिरतो. फुकट देणाऱ्यांना जे जमतं ते नाणी घेणाऱ्यांना का जमू नये?

दुसरी कथा तुमच्या ‘संपादकांची निवड’मधली, म्हणून तिची नाणी जास्त. संपादकांनी ती वाचली असावी अशी माझी समजूत. तिच्यात मालवणच्या किनाऱ्यावर समुद्रातून सूर्य उगवतो. नायक भर जुलैत ट्रॉलर घेऊन मासेमारीला निघतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. निघताना आजी विचारते, “कुठं निघालास रं लेकरा?” आमची आजी “खंय चल्लंस रे झिला?” असं विचारते. हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं.

पण कथेवर खूण होती ‘कौटुंबिक, हलकंफुलकं’, आणि सहाव्या भागात लहान मुलगा समुद्रात बुडून जातो. आधी एका ओळीची सूचना नाही. ज्या गावांत होडी उशिरा परतली की बायका किनाऱ्यावर जाऊन उभ्या राहतात, तिथे ही कथा हलकीफुलकी म्हणून कुणाच्या हातात पडेल याचा विचार तुमच्याकडे कुणी केला? वर सांगितलेल्या संकेतस्थळावर मुख्य पात्राच्या मृत्यूची सूचना देण्याची सोय आहे. लेखकाला ती द्यायची नसेल तर ‘सूचना दिलेली नाही’ एवढं तरी वाचकाला दिसतं.

तरी ३२ ते ३५ या भागांची नाणी माझ्या खात्यात परत जमा करावीत. निरोप आणि मतदानाचे भाग सर्वांसाठी मोफत असावेत. ‘पूर्ण’ हा शिक्का शेवटचा भाग कुणीतरी वाचल्याशिवाय लागू नये. वर्गणी बंद करण्याचं बटणही शोधावं लागू नये. केंद्र सरकारच्या २०२३च्या डार्क पॅटर्नविषयक (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ॲप-संकेतस्थळांच्या रचनेविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत वर्गणीच्या सापळ्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०नुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. नाणी कापल्याच्या नोंदींची आणि ३२व्या भागाची चित्रं सोबत जोडली आहेत.

आपली,
एक वर्गणीदार वाचक
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग

ता. क. त्या मुलीचं खातं कृपया बंद करू नका. परीक्षा संपल्यावर ती लिहील.