मनूस पत्र: एकच गोष्ट शीक, पण रात्री जागून नको

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझं ब्लडप्रेशर वाढल्याचं दादाकडून कळलं. त्याविषयी काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. पण रात्री झोपतेस ना?

"आई, काम खूप आहे याचं काही नाही गं, मला जमतच नाहीये असं वाटतं," असं परवा फोनवर म्हणालीस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या अवस्थेचं, जे वर्णन केलं, त्यात थकवा आणि कामावरून मन उडणं याबरोबर नेमकं हेही आहे. तेव्हा स्वतःला कमकुवत समजू नकोस.

कामाचं ओझं मोठं आणि आपल्या हातात काहीच नाही, अशी अवस्था माणसाला सर्वांत जास्त पोखरते, असं कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. शिकण्याचा उपयोग इथे होतो, कारण काय शिकायचं ते तू ठरवतेस. ऑफिसने गळ्यात मारलेले कोर्स तूर्त राहू देत. रोज जिथे अडतं तेवढंच धर. महिनाअखेरच्या रिपोर्टचे आकडे तू एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये हाताने भरतेस ना, ते पिव्होट टेबलने, म्हणजे एक्सेलमधल्या आपोआप बेरजा-गोषवारा करणाऱ्या सोयीने, कसं होतं ते बघ. त्यासाठी ऑफिसच्या वेळेतलाच अर्धा तास मागून घे. शिकलेलं झोपेत पक्कं होतं. जागरण करून शिकशील तर दोन्ही जाईल.

लागले बघ लेक्चर द्यायला. रागावू नकोस.

सातवीत तू भूमितीला किती घाबरायचीस! बाबा शिकवायला बसले की वही मिटायचीस. मग एका सुट्टीत आपणहून कागदाचा त्रिकोण कापलास, त्याचे तिन्ही कोपरे फाडून शेजारी शेजारी लावलेस आणि "सरळ रेषा झाली!" म्हणून ओरडलीस. १८० अंश तुला आधीपासून पाठ होते, पण त्या दिवसापासून तू भूमितीला घाबरली नाहीस. बाबा ते अजून सगळ्यांना सांगतात.

मात्र दोघांचं काम एकटीवर टाकलं असेल, तर कितीही शिकलीस तरी ते पुरं पडणार नाही. ते साहेबांना लेखी कळवायलाच हवं. दादा मसुदा करून देतो म्हणतोय. त्याच्यावर चिडू नकोस, त्याला राहवलं नाही म्हणून त्याने सांगितलं. कोणत्या कामाला किती वेळ जातो तेवढी यादी त्याला दे. रात्री बसून करू नकोस, सकाळी पाठवलीस तरी चालेल.

तुझी,
आई