उतारावरचे गवत काढले आहे, बाबा

ॲन आर्बर, मिशिगन
12 ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

गेल्या तीन रविवारी बाबांनी फोनवर "बाग कशी आहे?" असे विचारले आणि प्रत्येक वेळी "छान आहे" एवढेच म्हणून मी विषय बदलला. खोटे बोलले नाही, पण सगळे सांगितलेही नाही, आणि ते मनाला लागून राहिले आहे. घरासमोरच्या उतारावरचे गवत मी सप्टेंबरमध्ये काढून टाकले. तुम्हाला न विचारता काढले, कारण विचारले असते तर बाबांनी "मी मे महिन्यात येतोच आहे, मी बघतो" असे म्हटले असते आणि मग मला ते धाडस झाले नसते.

बाबा, तुम्हाला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. तुम्ही इथे असताना दर शनिवारी सकाळी चहा होताच तुम्ही यंत्र बाहेर काढायचा आणि वरून खाली, खालून वर असे समान पट्टे कापायचा. शेजारचे आजोबा कुंपणाशी उभे राहून तुमच्या कामाची वाखाणणी करायचे, तेव्हा मलाच मोठे झाल्यासारखे वाटायचे. पण त्या ओल्या सकाळी तुमचा पाय घसरला आणि चालू यंत्र तुमच्याआधी खाली गेले, ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाहिले आहे. गुडघ्यावर निभावले, असे तुम्ही म्हणालात. मी अजूनही त्या खिडकीशी भांडी घासताना उताराकडे बघत नाही. तिथे पुन्हा कोणी गवत कापू नये, तुम्हीही नाही आणि निखिलनेही नाही, हा निर्णय मी त्याच दिवशी घेतला होता. काय लावायचे, तेवढे ठरत नव्हते.

आता तिथे जमिनीलगत पसरणाऱ्या ज्युनिपरची 24 रोपे लावली आहेत. उतार 40 फूट लांब आणि 15 फूट रुंद आहे, म्हणून पाच-पाच फुटांवर आठ-आठ रोपांच्या तीन ओळी, एकमेकींच्या फटीत येतील अशा रीतीने घेतल्या. तुम्हाला ही झाडे अनोळखी नाहीत. स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांवर आपण गेलो होतो, तेव्हा आई थकून जिथे बसली, त्या जागेशेजारी निळसर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखे काहीतरी वाळूला धरून पसरले होते आणि बाबांनी "याला पाणी कोण घालते?" असे विचारले होते. ते हेच. मिशिगन सरोवराच्या काठावर, उघड्या वाळूत, वारा आणि बर्फ सोसून ते आपणहून वाढते. मी लावलेला प्रकार मूळचा मेन राज्यातला आहे. तो 1914 साली व्हायनलहेवन नावाच्या बेटावर सापडला आणि 'ब्लू रग' या नावाने विकला जातो. त्याची उंची जेमतेम सहा इंच, पण एकेक रोप सहा ते आठ फुटांपर्यंत पसरते, आणि फांदी जिथे मातीला टेकते तिथे मुळे धरत जाते. उताराची माती धरून ठेवायला याहून चांगले मला काही सापडले नाही.

आई, मी एक डहाळी तळहातावर घेऊन पाहिली. पाने सुईसारखी लांब नाहीत. बारीक खवल्यांसारखी फांदीला चिकटून बसलेली आहेत, आणि बोटांनी चुरडली की एकदम आपल्या फाटकाजवळच्या मोरपंखीची आठवण होते. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी तू मोरपंखीची डहाळी माझ्या गणिताच्या पुस्तकात घालायचीस आणि "विद्या जपून ठेव" म्हणायचीस. परवा नकळत मी इराच्या पुस्तकात तशीच एक डहाळी ठेवली. तिने कारण विचारले, तेव्हा मला बोलता येईना.

लावण्याआधी बराच विचार केला, हेही सांगते, म्हणजे घाईत केले असे वाटू नये. बुटके यू नावाचे झाड सावलीतही दाट वाढते, पण त्याची पाने आणि बिया विषारी असतात, आणि इरा अजून दिसेल ती लाल फळे तोडते. शिवाय हरणे ते चवीने खातात, आणि आईच्या शेवंतीचे त्यांनी काय केले ते आपण पाहिलेच आहे. ज्युनिपरकडे हरणे सहसा फिरकत नाहीत. घराच्या उत्तरेकडच्या अंगाला मात्र ऊन येत नाही आणि तिथे ज्युनिपर विरळ होत जाते, म्हणून तिथे सायबेरियन सायप्रसची तीन रोपे लावली आहेत. हे झाड 1921 साली व्लादिवोस्तोकजवळ सापडले. सूचिपर्णी झाडांत सावली सोसणारी आणि तरीही इतकी जमिनीला धरून राहणारी झाडे फार थोडी आहेत.

आपल्याकडची माती चिकण आहे आणि ज्युनिपरला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत, ही एक काळजी होती. उतारामुळे पाणी थांबत नाही, म्हणून निभावेल. खड्डे मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद पण तेवढेच खोल घेतले, कुंडीत गोल फिरलेली मुळे हाताने सोडवली आणि वरून सालीच्या चुऱ्याचा तीन इंच थर दिला, तो मात्र खोडापासून थोडा दूर ठेवला. जमीन गोठेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी घालते आहे. पूर्ण आच्छादन व्हायला तीन-चार वर्षे लागतील आणि तोवर मधल्या जागेत तण येणारच.

आता थोडे स्पष्ट लिहिते, रागावू नका. थंडीत ही पाने जांभळट होतील. व्हिडिओवर पाहून "झाड गेले" असे ठरवू नका, तो त्यांचा हिवाळ्याचा रंग आहे, वसंतात ते पुन्हा निळे होईल. आल्यावर संध्याकाळी पाइप घेऊन वरून पाणी मारायचे नाही. रात्रभर पाने ओली राहिली की शेंडे करपण्याचा बुरशीजन्य रोग येतो, म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी द्यायचे. आणि बाबा, गुलाब छाटता तसे यांना छाटायचे नाही. पाने नसलेल्या जुन्या लाकडातून ज्युनिपरला नवी फूट येत नाही, तिथे कापले तर भोक कायमचे राहते. आई, निळी फळे दिसली तरी ती काढ्यात घालू नकोस. आयुर्वेदातली हपुषा ती वेगळ्या जातीच्या ज्युनिपरची.

तुमचे तीन गुलाब मी काढून टाकलेले नाहीत. दाराशेजारी कमरेएवढ्या उंचीचा लाकडी वाफा करून घेतला आहे. मार्चअखेरीस, डोळे फुटण्याआधी, ते तिथे हलवीन. अर्धा वाफा आईच्या मेथी-कोथिंबिरीसाठी मोकळा ठेवला आहे, म्हणजे वाकावे लागणार नाही. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आहे. तुमची खोली आता खालच्या मजल्यावर आहे, खिडकी उतारावर उघडते, आणि आईला पहाटे चहासाठी जिना उतरायला लागू नये म्हणून खोलीतच किटली ठेवली आहे. तोवर साताऱ्यात गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायला बाबांनी वर जायचे नाही. शेजारच्या मुलाला सांगून त्या खाली अंगणात आणून घ्या, त्याचे पैसे मी पाठवते. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही, आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी मला फोटो काढून पाठवा.

एक काम मात्र तुमच्यासाठी ठेवले आहे, बाबा, आणि ते मनापासून ठेवले आहे. खालची ओळ सपाट वाटेला लागून आहे. तिथली आठ रोपे बुटक्या स्टुलावर बसून हाताला येतात. त्यांच्या भोवतीचे तण मी तुम्ही येईपर्यंत कसेबसे काढीन, पण इथली खुरपी जाड आणि बोथट आहेत, फांद्यांखालून नाजूकपणे मुळासकट तण निघत नाही. म्हणून येताना तुमचे ते अरुंद पात्याचे खुरपे आणा. मोठ्या बॅगेत ठेवा, हातातल्या पिशवीत नको. पाते जाड कापडात गुंडाळा, आणि त्याआधी ते घासून, धुऊन, उन्हात चांगले कोरडे करा, कारण मातीचा कणही इथे आणू देत नाहीत.

तुमची,
मनू