पिल्लांचे जुलाब अंगावर काढू नका

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली जन्मलेल्या कुत्र्याच्या ४ पिल्लांपैकी ३ पिल्ले आठवडाभरात दगावली. पहिले पिल्लू आधी नुसते मलूल पडून होते, दूधभाताला तोंड लावत नव्हते. पोट बिघडले असेल, असे समजून आम्ही त्याला ताक पाजले. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि उग्र दर्पाचे रक्ताळ जुलाब सुरू झाले, तेव्हा कुठे पशुवैद्यकांकडे धाव घेतली आणि पार्व्हो या विषाणूच्या संसर्गाचे निदान झाले.

१९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू आतड्याच्या अस्तरातील वेगाने वाढणाऱ्या पेशी नष्ट करतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशीही घटवतो; परिणामी शरीरातले पाणी आटून व जंतुसंसर्ग होऊन पिल्लू हातचे जाते. चौथे पिल्लू वाचले ते पहिल्याच उलटीला सलाइन लावल्यामुळे. जमिनीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो, आणि ज्या फिनेलने आपण निर्धास्तपणे जिने पुसतो त्याचा त्यावर भरवसा धरता येत नाही. त्यासाठी ब्लीचच्या द्रावणासारखे जंतुनाशक वापरावे लागते.

वयाच्या ६ ते ८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने लस दिल्यास हा आजार बहुतांशी टळतो. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणावेळी रेबीजची लस दिली जाते, त्याच धर्तीवर वस्तीतील पिल्लांना पार्व्होची लस मोफत देण्याची सोय पालिकांनी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, पुणे