जमले किती नव्हे, उरले किती: आमच्या हिशेबनीस काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

वाचनालयाच्या इमारत निधीसाठी लावलेल्या नाट्यप्रयोगाचा हिशेब विश्वस्त मंडळाने मंजूर केला. इतिवृत्तात तुमच्या आभाराची ओळ आहे, पण ती फायलीतच राहायची. म्हणून हे जाहीर पत्र.

प्रयोग हाऊसफुल्ल गेल्यामुळे ‘किती जमले’ हे गावभर झालं होतं. उरले किती, हे विचारणारे तुम्ही एकटेच. बिलांची पिशवी वाचनालयाच्या टेबलावर उलटी केलीत आणि एकाच कागदावर सगळं मांडलंत. जमेला प्रवेशिका, देणग्या, स्मरणिकेच्या जाहिराती. खर्चाला कंत्राटी प्रयोगाची ठोक रक्कम, नाट्यगृहाचं भाडं, छपाई, कलाकारांचं चहापाणी. छापून झालेल्या, पण पैसे न आलेल्या जाहिराती बेरजेत धरल्याच नाहीत. खाली ‘येणे बाकी’ म्हणून नावानिशी लिहिल्या. त्या यादीत दोन विश्वस्तांची दुकानं होती. सभेत जरा खाकरणं झालं, तुम्ही मात्र पुढचा विषय घेतलात.

‘प्रवेशिका घेणाऱ्यांना 80जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती का नाही?’ यावर तुमचं उत्तर मला फार आवडलं: ‘त्यांनी नाटक बघितलं ना? मग ती देणगी कशी?’ देणगीदारांचे पॅन क्रमांकही तुम्ही पावती फाडतानाच स्थळप्रतीवर लिहून घ्यायला लावले होते. तेव्हा कटकट वाटली. 31 मेपर्यंत 10बीडी, म्हणजे देणगीदारांची माहिती आयकर खात्याला कळवायचा फॉर्म, भरायचा आहे हे कळल्यावर कटकटीचा अर्थ लागला. रोख 2,000 रुपयांवरच्या देणगीला करसवलत नाही, हेही तुम्ही टेबलावर चिकटवून ठेवलंत, त्यामुळे बरेच जण चेकबुक घेऊनच आले. आणि एका निवृत्त बाईंची देणगी कायम निधीत, म्हणजे खर्च न करता राखून ठेवायच्या रकमेत, टाकण्याआधी त्यांच्याकडून तसं लेखी पत्र घेतलंत. नुसत्या तोंडी शब्दावर आपण ती टाकून मोकळे झालो असतो, आणि लेखापरीक्षकांनी नंतर विचारलं असतं.

विश्वस्तांना निव्वळ आकडा ऐकून थोडं हिरमुसल्यासारखं झालं, हे खरं. पण त्याच आकड्यावर छताचं काम आधी आणि अभ्यासिका पुढच्या वर्षी, असा ठराव झाला. फुगवलेल्या रकमेवर दोन्ही कामं काढली असती तर ठेकेदाराला काय तोंड दाखवलं असतं?

मानधन तुम्ही घेणार नाही, तेव्हा तो विषय काढत नाही. येणे बाकीपैकी काही जाहिरातदार अजून ‘उद्या’वरच आहेत. त्यांना एक फोन तुम्हीच करा. तुमचा आवाज ऐकला की चेक निघतो.

आपला,
कार्यवाह, सार्वजनिक वाचनालय