लायब्ररीतल्या काकांना, युद्धकाळातल्या बँडबद्दल मनापासून थँक्यू

काका, नमस्कार,

तुम्हाला समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून लगेच दुसरं काहीतरी काढता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काका रिटायर झाल्यापासून इथे अमेरिकेत आमच्या गावातल्या पब्लिक लायब्ररीच्या लोकल हिस्टरी रूममध्ये व्हॉलंटिअर म्हणून बसतात. माझी लेक हायस्कूलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, आणि आम्ही बँडच्या पालकांनी ठरवलं होतं की यंदाच्या स्प्रिंग कॉन्सर्टला लॉबीत बँडचा जुना इतिहास लावायचा. त्यातली दुसऱ्या महायुद्धाची वर्षं माझ्याकडे आली. ग्रुपचं म्हणणं सोपं होतं, चारपाच छान ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली वर्ष, झालं. मी स्कॅन करायला आले आणि तुम्ही स्कॅनर लावायच्या आधी मला खुर्चीत बसवून १९४१ चं आणि १९४४ चं ईअरबुक (शाळेचं दरवर्षीचं फोटोंचं पुस्तक) शेजारी शेजारी उघडून ठेवलंत आणि म्हणालात, फोटो नंतर बघ, आधी नावं वाच.

खरं सांगते, ते एक वाक्य नसतं तर बाकीचं काहीच झालं नसतं. नावं वाचली तर दिसतं ना की ट्रॉम्बोनच्या रांगेत आधी सगळी मुलं होती आणि तीन वर्षांनी तिथे मुली आहेत, ड्रमवर मुली, बँडची प्रेसिडेंट मुलगी, आणि सीनियर मुलांच्या पानावर काही नावांपुढे फोटोच नाही, फक्त आर्मी किंवा नेव्ही एवढंच. मग तुम्ही सांगितलंत की नोव्हेंबर १९४२ मध्ये ड्राफ्टचं, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीचं, वय २० वरून १८ वर आणलं. म्हणजे बारावीतल्या पोराचा वाढदिवस कधी येतो यावर तो मे महिन्यातल्या कॉन्सर्टला असणार की नाही हे ठरू शकायचं. माझी मुलगी सोळाची आहे काका. तिच्या सेक्शनमधली मुलं डोळ्यासमोर आली आणि मी तिथेच थोडा वेळ नुसती बसून राहिले, तुम्ही काही न बोलता दुसरी फाइल काढायला गेलात, त्याबद्दलही थँक्यू.

वाद्यांचं तर मला काहीच ठाऊक नव्हतं. मी विचारलं होतं की हे ट्रम्पेट इतकं चेपलेलं का, फोटो काढताना तरी चांगलं घ्यायचं, तर तुम्ही मला वॉर प्रॉडक्शन बोर्डाच्या, म्हणजे युद्धासाठीच्या उत्पादनावर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी मंडळाच्या, ऑर्डरबद्दल सांगायला लागलात. १९४२ च्या जूननंतर ज्या वाद्यात वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त युद्धाला लागणारा माल आहे ते बनवायचंच नाही. म्हणजे पितळेची सगळी गेली, सॅक्सोफोन गेला, ट्युबा तर बोलायलाच नको. इंडियानातल्या एल्कहार्टची कॉन कंपनी, जिचे हॉर्न अर्ध्या देशातल्या शाळांत वाजत होते, ती होकायंत्रं आणि विमानातली उंची मोजायची यंत्रं बनवायला लागली. न्यूयॉर्कची स्टाइनवे कंपनी लष्करी ग्लायडरचे लाकडी भाग करायला लागली, आणि पियानो बनवले तर सैनिकांच्या कॅम्पसाठी, हिरवट रंग मारलेले. आता शाळेच्या बँड डायरेक्टरच्या जागी आपण उभं राहून बघायचं. नवीन हॉर्न मिळणार नाही, जुना तुटला तर तोच झाळून परत वापरायचा, आणि घरोघरी माळ्यावर कुणाच्या काकाचं, आजोबांचं वाद्य पडलंय का ते विचारत फिरायचं. तो चेपलेला ट्रम्पेट म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, तो सांभाळून ठेवलेला होता म्हणून फोटोत तरी आहे. आता पॅनेलवर मी तोच फोटो सगळ्यात मोठा लावलाय.

रीडची, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायच्या बोरूच्या पातळ पट्टीची, गोष्ट मी घरी जाऊन लेकीला सांगितली, कारण तिचा महिन्याचा अर्धा पॉकेटमनी रीडवर जातो. चांगल्या रीडचा बोरू फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या वार (Var) नावाच्या भागातून यायचा, १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि तो माल यायचा थांबला, मग क्लॅरिनेटवाल्या मुलांनी करायचं काय, जुनी रीड घासून घासून वापरायची, नाहीतर तेव्हा नव्याने निघालेली प्लास्टिकची घ्यायची. तिने ते ऐकून दुसऱ्या दिवशी अख्ख्या सेक्शनला सांगितलं. इतिहासाच्या तासाला ज्यांचा कान वळत नाही ती पोरं रीडवरून युद्ध समजून घ्यायला लागली.

प्रवासाचा भाग मी पॅनेलवर फक्त दोन ओळींत ठेवलाय पण इथे लिहिते. जानेवारी १९४२ पासून टायरवर रेशनिंग, डिसेंबरपासून पेट्रोल देशभर रेशनवर, गाडी ताशी ३५ मैलांच्या वर न्यायची नाही. शाळेच्या बसेस वर्गात मुलं आणण्यासाठी जपून ठेवायच्या, बँडला दुसऱ्या गावाला कोण नेणार? १९२३ मध्ये शिकागोत पहिली राष्ट्रीय स्कूल बँड स्पर्धा झाली होती आणि नंतर शाळाशाळांत त्याचं एवढं वेड होतं, ते सगळं थांबलं. मग बँड गावातच वाजायला लागला, स्टेशनवर मुलांना निरोप द्यायला, युद्धासाठी सरकारी बाँड विकायच्या सभांना, भंगार गोळा करायच्या मोहिमेला. मला वाटतं आपला बँड आज गावाचा वाटतो, नुसता शाळेचा वाटत नाही, त्याचं मूळ थोडं तरी तिथे असणार.

क्लबांची पानं मी पहिल्यांदा नुसती उलटली होती. तुम्ही म्हणालात थांब, हे मॉडेल एअरप्लेन क्लबचं पान खेळण्यांचं नाहीये. १९४२ च्या सुरुवातीला नेव्हीने देशभरातल्या शाळांकडून ५ लाख मॉडेल विमानं मागितली, लाकडाची, काळ्या रंगाची, मित्राची आणि शत्रूची दोन्ही, १:७२ या प्रमाणात, म्हणजे ३५ फुटांवरून बघितलं की खरं विमान साधारण अर्ध्या मैलावरून जसं दिसतं तसं दिसणार. त्यावर सैनिक आणि गावागावातले निरीक्षक विमानं ओळखायला शिकायचे. वुडशॉपमध्ये, म्हणजे शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात, बसलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून पंखाचा आकार चुकला तर कुणीतरी कुठेतरी चुकीचं विमान ओळखणार, आणि त्या मुलांना हे सांगितलेलं होतं. तुम्ही पट्टी घेऊन लायब्ररीच्या कॉरिडॉरमध्ये ३५ फूट मोजून दाखवलेत ते मी विसरणार नाही.

आणि मग त्या वर्षी सप्टेंबरात आलेली हायस्कूल व्हिक्टरी कॉर्प्स, म्हणजे मुलांना युद्धाच्या कामासाठी तयार करायची सरकारी योजना, एअर, लँड, सी, प्रॉडक्शन आणि कम्युनिटी सर्व्हिस असे पाच भाग, १९४४ मध्ये ती गुंडाळलीसुद्धा. तुम्ही विचारलेला प्रश्न मला अजून सुटलेला नाही, की मुलांनी हौसेने केलेला क्लब आणि सरकारने आखून दिलेला क्लब या दोन पानांवरचे चेहरे वेगळे दिसतात का. मला दिसतात. व्हिक्टरी कॉर्प्सच्या फोटोत सगळे ताठ, आणि त्याच मुली ग्ली क्लबच्या, म्हणजे गाण्याच्या क्लबच्या, फोटोत एकमेकींच्या खांद्यावर रेललेल्या. कवायतीने देश चालतो हे मान्य, पण त्या वर्षांत मुलांना जीव लावून धरलं ते ग्ली क्लबने, असं माझं स्पष्ट मत झालंय.

वॉर स्टँपचं मात्र कौतुकच. १० सेंट, २५ सेंटचे स्टँप वहीत चिकटवत जायचे, १८ डॉलर ७५ सेंट झाले की बाँड मिळायचा, दहा वर्षांनी त्याचे २५ डॉलर. बऱ्याच ठिकाणी कॉन्सर्टला तिकिटाऐवजी स्टँपच घ्यायला लावायचे.

काका, तुमच्याकडून मी एक मोठी गोष्ट शिकले ती म्हणजे सोयीची नसलेली माहिती पण तितक्याच आदराने मांडायची. मिशिगनमधल्या इंटरलॉकनच्या नॅशनल म्युझिक कॅम्पमधून हायस्कूलच्या मुलांचा ऑर्केस्ट्रा रेडिओवर लागायचा, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात वादकांच्या युनियनचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी ते रेडिओवरचं प्रसारण बंद पाडलं. मी चिडले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, मुलं फुकट वाजवणार तर ज्याचं घर त्या वाजवण्यावर चालतं त्याने काय करायचं, ते पण लिही. लिहिलं. आणि १९४६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, त्याविरुद्ध कायदा केला तेही लिहिलं. वाचणाऱ्याने ठरवावं. अर्थात मला अजूनही मुलांचीच बाजू बरोबर वाटते, ते तुम्हाला माहितीये.

आणि मँझनारची छावणी. याबद्दलच मुळात हे पत्र लिहायला घेतलं.

फेब्रुवारी १९४२ च्या सरकारी हुकमानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या साधारण १ लाख २० हजार लोकांना घरातून काढून छावण्यांत टाकलं, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक, कितीतरी शाळकरी मुलं. सामान हातात उचलून नेता येईल तेवढंच, म्हणजे ज्या घरात पियानो होता तो तिथेच राहिला. कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात मँझनारला हायस्कूल सुरू झालं तेव्हा बसायला बाकं नव्हती. आणि त्याच शाळेचं १९४४ चं ईअरबुक तुम्ही माझ्यासमोर स्क्रीनवर उघडलंत आणि त्याच्या शेजारी आपल्या शाळेचं. तेच क्लब, तसेच गाणाऱ्या मुलामुलींचे ग्रुप, केस तसेच विंचरलेले. छावणीत जाइव्ह बॉम्बर्स नावाचा डान्स बँड होता, त्यात मेरी कागेयामा नावाची शाळेतली मुलगी गायची, तिला लोक मँझनारची सॉन्गबर्ड म्हणायचे, आणि तिला घडवणारे लू फ्रिझेल नावाचे तरुण संगीत शिक्षक पुढे सिनेमा-टीव्हीत नट झाले. ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४३ मध्ये तिथे काढलेला बॅटन फिरवणाऱ्या मुलीचा फोटो आपल्या मेजरेटच्या कुठल्याही फोटोत मिसळून जाईल. फक्त तिला गेटच्या बाहेर जाता येत नव्हतं, आणि १९४४ पासून तिच्याच शाळेतल्या मुलांना तिथूनच सैन्यात बोलावलं जात होतं.

आमच्या मीटिंगमध्ये प्रश्न आला की हे आपल्या शाळेचं नाही, मग कशाला. वाईट हेतूने नव्हे, कॉन्सर्टच्या संध्याकाळी लोकांना जड वाटेल म्हणून. मी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही आपणहून मीटिंगला आलात, गुडघा दुखत असताना, आणि भाषण न देता फक्त दोन्ही पानांच्या प्रिंट टेबलावर ठेवल्यात, वरची शाळेची नावं झाकून, आणि म्हणालात, यातली आपली कुठली ते सांगा. कुणालाच पटकन सांगता आलं नाही. पॅनेल मंजूर झालं. त्या दिवशी मी तुमच्याशी नीट बोललेसुद्धा नाही, कारण बोलले असते तर रडले असते.

काका, माहिती आजकाल सगळीकडे मिळते, पण एवढा वेळ देऊन, प्रत्येक कॅप्शन तीनतीनदा तपासून, "हे नक्की माहीत नाही ना, मग काढून टाक" असं प्रेमाने सांगणारं माणूस मिळत नाही. मूळ गाव सोडून इथे आले तेव्हा ही शाळा, हा बँड माझ्यासाठी फक्त लेकीची ॲक्टिव्हिटी होता. आता १९४४ च्या त्या ट्रॉम्बोनवाल्या मुली मला आपल्या वाटतात.

कॉन्सर्टला तुमची आणि काकूंची सीट पुढे ठेवलीये, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशी. अर्धा तास आधी लॉबीत पॅनेलपाशी खुर्ची पण ठेवतेय, मुलांना तुम्हालाच प्रश्न विचारायचेत, विमानांवरून तर नक्कीच, पट्टी आणा. मी गाडी घेऊन न्यायला येते, बसने येतो वगैरे म्हणू नका.

तुमची,
क्लॅरिनेटवाल्या मुलीची आई