मागितला स्क्रूचा नेक, पाठवला चिकटवलेला

प्रति,
व्यवस्थापक, कस्टम गिटार विभाग

विषय: ऑर्डरप्रमाणे नेक व फिनिश न दिल्याबद्दल आणि ग्राहक सेवेकडून मिळालेल्या वागणुकीबद्दल तक्रार

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी सहाव्यांदा बोललो. यापुढे फोन करणार नाही. जे काही असेल ते आता लेखी.

गिटार तुम्ही बनवता, त्यामुळे कुठला शब्द म्हणजे काय हे तुम्हाला समजावायची गरज नाही, पण दुसऱ्या कोणी वाचलं तर कळावं म्हणून कंसात थोडक्यात लिहितो. ऑर्डर फॉर्मवर नेकच्या (तारा ज्यावर दाबतात त्या लांब दांडीच्या) रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: बोल्ट-ऑन, चार स्क्रू, लाकडात स्टीलचे थ्रेडेड इन्सर्ट (स्क्रू बसायच्या आट्यांच्या नळ्या). रोस्टेड (भाजलेलं) मेपल लाकूड, क्वार्टर-सॉन (रेषा उभ्या येतील असं कापलेलं). स्केल (तारेच्या वाजत्या भागाची लांबी) साडेपंचवीस इंच. नेकच्या पाठीला फक्त टंग ऑइल (लाकडाला लावायचं तेल) आणि वर मेण, लॅकर (वार्निशसारखा थर) अजिबात नको. 'अजिबात नको' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या होत्या. तुमच्या माणसाने तो फॉर्म फोनवर मला ओळीओळीने वाचून दाखवला आणि शिक्का मारून त्याची प्रत ईमेलने पाठवली. ती प्रत या पत्राला जोडली आहे.

पाच महिने वाट पाहिली. एकूण १,४२,००० रुपये भरले. खोकं उघडलं तर नेक बॉडीला ग्लूने चिकटवलेला, आणि त्याच्या पाठीवर नखाला लागेल इतक्या जाड, चकचकीत पॉलीयुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या लॅकरचा थर.

रंगाची छटा थोडी वेगळी आली असती तर मी एक अक्षर बोललो नसतो. नेकची जोडणी आणि त्याचं फिनिश या दोन गोष्टी मी दोन महिने विचार करून ठरवल्या होत्या. बाकी बरंचसं, पिकअपपासून नॉबपर्यंत, तुमच्यावर सोडलं होतं.

नेक-थ्रूचा (बॉडीच्या आरपार जाणाऱ्या नेकचा) मोह मलाही झाला होता. एकच लाकूड हेडस्टॉकपासून (तारा आवळायच्या खुंट्यांच्या टोकापासून) पार खालच्या स्ट्रॅपच्या खुंटीपर्यंत जातं, सांध्याचा उंचवटा नसतो, वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) हात अडत नाही. १९६३ च्या गिब्सन फायरबर्ड गिटारचा नेक असाच आहे. पण तो नेक पिळला तर दुरुस्त काय करायचं? सगळी गिटारच तो नेक असते. सेट-नेकलाही (चिकटवलेल्या नेकलाही) मी नावं ठेवत नाही. १९५२ पासून लेस पॉल गिटारचा नेक चिकटवूनच बसवतात आणि तो तिथे शोभतो. मी स्क्रूवाला नेक निवडला तो पैसे वाचवण्यासाठी नव्हे. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५० मध्ये त्याने बाजारात आणलेल्या गिटारचा नेक स्क्रूने बसवला होता, तो सुटा करता यावा, बदलता यावा म्हणून. मला नेमकं तेच हवं होतं.

मी रत्नागिरीत राहतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे लाकडाचं काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. गिटारचा नेक पावसाळ्यात एक असतो आणि जानेवारीत दुसरा. चांगला कारागीर गाठायचा तर मुंबई, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला आपली गिटार आपल्यालाच उघडता आली पाहिजे.

आणि हे मी तुमच्याच गिटारवर शिकलो. अकरा वर्षं मी तुमची साधी, कारखान्यात बनलेली गिटार वाजवली. एका गणपतीच्या आदल्या दिवशी तिचा ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) इतका वर गेला की बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे) दाबून मनगट भरून आलं. मी चार स्क्रू काढले, एका जुन्या लग्नपत्रिकेची बोटभर पट्टी कापून नेकच्या खाचेत मागच्या बाजूला ठेवली आणि स्क्रू परत आवळले. वीस मिनिटांत काम झालं. त्या रात्री चार तास कार्यक्रम केला. ती पट्टी आजही आत आहे. पुढची गिटार तुमच्याकडूनच बनवून घ्यायची हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

नवी गिटार हातात घेतली तेव्हा नेमका तोच दोष समोर आला. बाराव्या फ्रेटवर जाड तार २.६ मिलिमीटर वर आहे, बारीक तार २.२. मला १.६ च्या आसपास हवी होती, तसं फॉर्मवर लिहिलंही होतं. ब्रिजची सहाही सॅडल (तारा ज्यावर टेकतात ते तुकडे) पार तळाला टेकली आहेत, आणखी खाली जायला जागा नाही. सॅडल इतकी खाली गेल्यामुळे त्यांचे बारीक स्क्रू वर डोकावतात आणि पाम म्यूट करताना (तळहात तारांवर टेकवून आवाज दाबताना) तळहाताच्या कडेला टोचतात. पहिल्याच दिवशी तासाभरात तिथे लाल ठिपक्यांची ओळ उठली. नेकचा बाक मी मोजला. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यावर पाव मिलिमीटर अंतर आहे, म्हणजे नेक सरळ आहे. चुकला आहे तो कोन. नेक बॉडीत बसवतानाच चुकीच्या कोनात बसवला गेला आहे.

नेक स्क्रूचा असता तर लग्नपत्रिकेच्या दुसऱ्या एका पट्टीत हे प्रकरण मिटलं असतं. चिकटवलेल्या नेकचा कोन बदलायचा तर सांधा उष्णतेने आणि वाफेने सोडवावा लागतो. ते काम मी घरी करू शकत नाही, आणि दीड लाखाच्या नव्या गिटारवर ते मी का करावं?

आता कालच्या फोनबद्दल. तो जसा झाला तसा लिहितो, कारण तुम्ही म्हणता तुमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात. मग ऐकून पडताळून पाहा.

मी सांगितलं, नेक चिकटवलेला आला आहे. उत्तर आलं, "सर, तुम्हाला अपग्रेड दिलंय. सेट-नेक आमच्याकडे अठरा हजारांनी महाग आहे. लोक मागून घेतात."

मी म्हणालो, मी मागितला नव्हता.

"पण सर, यात तुमचा तोटा काय झाला?"

मी मिलिमीटरमधली मापं सांगितली. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. मग म्हणाले, "ट्रस रॉड पाव फेरी उजवीकडे फिरवा."

मी म्हणालो, रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या सळईने) बाक जातो, कोन जात नाही. नेक सरळ आहे, तो मी मोजला आहे.

पुन्हा कीबोर्ड. "सर, अर्धी फेरी फिरवा."

नेक सरळ असताना रॉड अर्धी फेरी आवळला तर तो उलटा वाकतो आणि पहिल्या पाच फ्रेटवर तारा घरघरतात. ज्या कंपनीच्या आवारात नेक बनतात त्या कंपनीचा माणूस गिऱ्हाइकाला गिटार बिघडवायचा सल्ला देतो, तोही दोनदा.

मी तरी शांत राहिलो. म्हटलं, बरं, फिनिशचं काय? पॉली नको म्हणून मी दोन रेघा मारून लिहिलं होतं. त्यावर तुमचा माणूस जे बोलला ते मी काल रात्री झोपताना आठवत होतो आणि आज सकाळी उठल्यावरही आठवत होतो. तो म्हणाला, "घरात भांडी घासायची हिरवी घासणी असेल ना, सर? तिने घासून काढा. मॅट होईल."

मी विचारलं, आणि वॉरंटी? तुमच्या वॉरंटी कार्डाच्या मागे लिहिलं आहे की ग्राहकाने फिनिशला हात लावला तर वॉरंटी रद्द.

"सर, इतकं कोण बघतं?"

मी पुन्हा विचारलं, पण मला ऑइल फिनिश हवं होतं, त्याचं काय करणार? तेव्हा तो म्हणाला, आणि हे मी शब्दशः लिहितो आहे, "सर, स्टेजवर लांबून कोणाला कळणार आहे?"

माझी बायको शेजारी बसली होती, फोन स्पीकरवर होता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि फोन बंद करायची खूण केली. मी फोन ठेवला.

मला कळतं. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याला कळतं. मी एकवीस वर्षं वाजवतो आहे. गणपती, नवरात्र, लग्नं, कॉलेजची गॅदरिंगं, कोकणातल्या दमट हवेत मंडपाच्या दिव्यांखाली चार चार तास. हाताला घाम येतो. चकचकीत पॉलीवर घामेजलेला अंगठा चिकटतो, सरकत नाही. पाचव्या फ्रेटवरून बाराव्यावर जायचं असेल तर हात अडखळतो आणि सूर उशिरा लागतो. समोर बसलेल्यांना नेकची चकाकी दिसत नसेल, पण तो उशिरा लागलेला सूर त्यांना ऐकू येतो. म्हणून मी नेकला तेल आणि मेण मागितलं होतं. तेल लाकडात मुरतं, हाताला उघडं लाकूड लागतं, घाम असला तरी हात चालता राहतो. वर्षातून एकदा-दोनदा पुन्हा तेल पुसावं लागतं हे मला ठाऊक आहे आणि ते करायची माझी तयारी होती.

नायट्रोचाही (जुन्या पद्धतीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचाही) विचार केला होता. जुन्या गिटारवर तो फार सुंदर दिसतो, पण स्टँडच्या रबराने त्याला डाग पडतात आणि आमच्या ऑर्केस्ट्रात सगळे स्टँड रबराचे आहेत. म्हणून तो सोडला. नुसत्या तेलाखाली साधा मेपल आमच्या हवेत टिकायचा नाही, म्हणून रोस्टेड मेपल घेतला. ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या भट्टीत भाजलेलं लाकूड हवेतला ओलावा कमी ओढतं. त्यासाठी तुम्ही वेगळे ९,००० रुपये घेतलेत, मी दिले. ते लाकूड तुम्ही खरोखरच वापरलं आहे, त्याचा मधासारखा तपकिरी रंग थराखालून दिसतो. आणि जे लाकूड उघडं राहावं म्हणून मी निवडलं त्याच्यावरच तुम्ही प्लास्टिकचा थर चढवला. बघून फार वाईट वाटलं. लाकूड चांगलं निवडणारा तुमच्याकडे कोणी आहे, हे दिसतं. त्याच्या हातून नेक पुढे गेल्यावर फॉर्म कोणीच वाचला नाही, हेही दिसतं.

पुन्हा सांगतो, कारण सहा फोनमध्ये हे एकदाही कोणी नीट ऐकून घेतलं नाही. मला महागडी वस्तू फुकट नको होती. मी जी मागितली, जिचे पैसे मोजले, ती हवी होती. 'अपग्रेड' हा शब्द तुमच्या माणसाने कालच्या फोनमध्ये पाच वेळा वापरला. स्क्रूचा नेक मागणाऱ्याला चिकटवलेला नेक देणं हे अपग्रेड नाही, ती चुकीची वस्तू आहे. नारळ फोडायला कोयता मागणाऱ्याला चांदीचा चमचा देऊन तो महाग आहे म्हणून सांगण्यासारखं आहे हे.

माझी मागणी अशी. याच बॉडीत सांधा बदलून चालणार नाही. चिकटवलेल्या नेकची खाच वेगळी असते, स्क्रूच्या नेकची वेगळी, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे फॉर्मप्रमाणे नवी गिटार बनवून द्यावी, किंवा पूर्ण १,४२,००० रुपये परत करावेत. दोन्हीपैकी काय करणार आणि कधी, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावं. नवी गिटार बनवणार असाल तर नेक बसवण्याआधी त्याच्या पाठीचा आणि सांध्याचा फोटो मला पाठवावा. ज्याने घासणीचा सल्ला दिला त्याला कामावरून काढा असं मी म्हणत नाही. त्याला एक दिवस कारखान्यात नेऊन नेक कसा बसवतात ते दाखवा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला रत्नागिरीला यावं लागेल. शिक्क्याचा फॉर्म, पावत्या, मापं घेतानाचे फोटो आणि सहाही फोनच्या तारखा-वेळा माझ्याकडे आहेत. ही धमकी म्हणून लिहीत नाही, पण मी मागे हटणारही नाही.

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या दोन मुलांनी माझं ऐकून तुमच्याकडे कस्टम गिटारची चौकशी केली होती. परवा दोघांनी मला विचारलं, काका, आली का गिटार, कशी आहे? मी अजून त्यांना दाखवलेली नाही. अकरा वर्षं तुमचं नाव मी सगळ्यांना सांगत आलो आहे, आता त्यांना काय सांगू ते तुम्हीच सुचवा.

गिटार मूळ खोक्यात आहे, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. नेकवर एकही ओरखडा नाही. घासणी लावलेली नाही. गणपतीचे कार्यक्रम जवळ आले आहेत, ते मी जुन्या गिटारवरच करणार. कुरियरवाला पाठवायच्या आधी तारीख ईमेलने कळवा, म्हणजे मी घरी थांबेन.

आपला,
एक जुना ग्राहक, रत्नागिरी

सोबत: शिक्का असलेल्या ऑर्डर फॉर्मची प्रत, पैसे भरल्याच्या तीन पावत्या, बाराव्या फ्रेटवरच्या मापांचे आणि सॅडलचे फोटो, वॉरंटी कार्डाची मागची बाजू.